अपघाताच्या रकान्यात नाव कोणाचे?



खंडेनवमीच्या सकाळी महाराष्ट्रातील कारखान्यांत एक प्रसन्न दृश्य पाहावयास मिळते. वर्षभर तेलाने माखलेली यंत्रे धुऊन-पुसून स्वच्छ होतात, त्यांना झेंडूच्या माळा चढतात, मालक आणि कामगार शेजारी उभे राहून हळदकुंकू वाहतात. ज्याच्यावर पोट चालते ते साधनही पूजनीय, ही धारणा जुनी आहे आणि सुंदरही आहे. परंतु ज्या पॉवर प्रेसला माळ घातली जाते, तिचा गार्ड कित्येकदा त्याच शेडच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. दसऱ्याची सुटी संपते, प्रेस पुन्हा सुरू होते, ती गार्डवाचूनच.

या प्रेसखाली उद्या कोणाची बोटे गेली तर उत्तरदायी कोण? अपघाताच्या अहवालात कारणाचा एक रकाना असतो. तो भरणाऱ्याच्या हाताला एक वाक्य इतके सरावाचे झालेले असते की विचार करण्याची गरजच पडत नाही : कामगाराचा निष्काळजीपणा. वरवर पाहता ते खोटेही नसते. हात त्यानेच आत घातला होता. मात्र तो हात आत का गेला, हे विचारले की रकाना अपुरा पडू लागतो.

चाकण-भोसरीच्या पट्ट्यातील मोटारींचे सुटे भाग करणारा एखादा लहान कारखाना डोळ्यांसमोर आणावा. प्रेस जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, यांत्रिक क्लचची. अशा क्लचची कळ झिजली वा स्प्रिंग ढिली पडली, तर पेडल एकदा दाबूनही प्रेस दोनदा खाली येते. कामगार पहिल्या ठोक्यानंतर तयार जॉब काढण्यासाठी हात घालतो आणि तेवढ्यात दुसरा ठोका पडतो. यावरचे उपाय काही गूढ नाहीत. डायपुढे गार्ड असावा, पेडलाऐवजी दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणे असावीत, जॉब काढण्यास चिमटा असावा, क्लचची देखभाल वेळेवर व्हावी. नव्या यंत्रांवर प्रकाशकिरणांचा पडदा असतो. हात आडवा आला की यंत्र थांबते.

मग हे का होत नाही? गार्ड असला की प्रत्येक जॉबमागे दोन-तीन सेकंद अधिक लागतात आणि शिफ्टच्या शेवटी नग कमी भरतात. सुपरवायझरला नगांचा हिशेब द्यायचा असतो, म्हणून तो गार्ड काढण्यास सांगतो किंवा काढलेला पाहून न पाहिल्यासारखे करतो. क्लच दुरुस्त करायचा तर प्रेस अर्धा दिवस बंद ठेवावी लागते आणि मालाची गाडी तर संध्याकाळीच जायची असते. प्रेसवरचा मुलगा महिन्यापूर्वी परराज्यातून आलेला, ठेकेदारामार्फत लागलेला. त्याला शिकवण म्हणून मिळालेली असते ती शेजारच्याकडे अर्धा तास पाहण्याची. हात कोणाचा आत गेला हे सांगता येते. तो आत ढकलणारे हात मात्र पाच-सहा असतात, आणि त्यांतला एकही अहवालात येत नाही.

कायद्याने हा प्रश्न कधीच मोघम ठेवलेला नव्हता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ‘भोगवटादार’ हा शब्द योजला. कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण आहे, तो भोगवटादार. धोकादायक यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती याच अधिनियमाच्या कलम २१ मध्ये होती. उल्लंघन झाल्यास भोगवटादार आणि व्यवस्थापक दोघेही दोषी ठरत. आमचा माणूस नव्हे, ठेकेदाराचा होता, ही सबबही कायद्याने ठेवली नव्हती; ठेकेदारामार्फत, मूळ मालकाला ठाऊक असो वा नसो, कामाला लावलेली व्यक्तीही ‘कामगार’च, असे व्याख्येतच म्हटले होते.

तरीही मोठ्या कंपन्यांनी एक पळवाट शोधली होती. भोगवटादार म्हणून संचालकांऐवजी एखाद्या पगारी अधिकाऱ्याचे नाव द्यायचे. खटला झालाच तर तो न्यायालयात उभा राहील, संचालक मंडळ निर्धास्त. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने ही वाट बंद झाली. कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार तिच्या संचालकांपैकीच एक असला पाहिजे, असा दंडक आला. उद्योगांनी त्याला आव्हान दिले. १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा एकच असावा, हे त्यामागचे साधे सूत्र होते.

भोपाळचे नाव आलेच आहे, तर तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. हजारो माणसे मेली. टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. सुरक्षेचे थर एकापुढे एक आखलेले होते, आणि त्या रात्री एकही कामी आला नाही. इशारे मिळाले नव्हते असेही नाही. १९८१ च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात फॉस्जिनने एका कामगाराचा बळी घेतला होता. राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार १९८२ पासून धोक्याविषयी लिहीत होते. छोट्या वृत्तपत्रातले इशारे मोठ्या टेबलांपर्यंत पोहोचत नाहीत, हा अनुभव नवा नाही.

आणि कंपनीने पुढे काय सांगितले? एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले! इतक्या प्रचंड संहाराचे कारणही शेवटी त्याच एका रकान्यात बसवण्याचा हा यत्न होता. क्षणभर ते खरे मानले, तरी शीतयंत्र बंद करण्याचा निर्णय त्या कामगाराचा नव्हता. ७ जून २०१० रोजी न्यायालयाने सात भारतीय अधिकाऱ्यांना हलगर्जीने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांना त्याच दिवशी जामीन मिळाला. कंपनीचे अमेरिकन अध्यक्ष वॉरेन अँडरसन खटल्याला कधीच उभे राहिले नाहीत. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

कामगाराचे काहीच कर्तव्य नाही, असा याचा अर्थ नव्हे. संरक्षक साधनाशी जाणूनबुजून खेळ करू नये, दिलेली साधने वापरावीत, हे बंधन अधिनियमाच्या कलम १११ ने त्याच्यावर घातलेलेच होते. हेल्मेट खुंटीला टांगून हिंडण्यात पुरुषार्थ मानणारे कामगार आहेत, आणि कामगार संघटनांनी त्यांना कधी खडसावल्याचे फारसे ऐकिवात नाही. बोनसच्या टक्क्यासाठी पहाटेपर्यंत चालणाऱ्या वाटाघाटींत गार्डचा विषय किती वेळा निघतो, हे प्रत्येक संघटनेने आपल्या इतिवृत्तात पाहावे. पण कर्तव्याची मोजपट्टी अधिकाराच्या लांबीइतकीच असते. प्रेस बंद ठेवण्याचा अधिकार ज्याला नाही, गार्डचा खर्च मंजूर करणे ज्याच्या हाती नाही, त्याचा वाटा दुय्यमच राहणार.

याच न्यायाने लहान कारखानदाराकडेही पाहिले पाहिजे. तो अनेकदा स्वतःच प्रेसवर काम करून वर आलेला असतो. त्याचा भाव आणि त्याची मुदत ठरवते ती वरची मोठी कंपनी. तिचा अधिकारी सुट्या भागाची जाडी मायक्रोमीटरने तपासतो. तो भाग ज्या प्रेसवर निघाला, तिला गार्ड आहे का, हे तपासावे असे त्याला सुचत नाही. यामुळे लहान मालकाचे दायित्व संपत नाही, मात्र ते त्याच्यापाशीच थांबतही नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाची जागा व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. तिच्यात नियुक्तिपत्राची सक्ती आहे. नियमभंगामुळे मृत्यू झाल्यास किमान पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे आणि त्याचा निम्मा वा अधिक भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. हे स्वागतार्ह आहे. दुसरीकडे, विजेवर चालणारा ‘कारखाना’ ठरण्यासाठी मूळ अधिनियमात १० कामगार पुरत, आता २० लागतात. १० कामगारांच्या आस्थापनेतील मालकावर सर्वसाधारण कर्तव्ये राहतात, हे खरे. पण बोटे अधिक जातात ती अशाच छोट्या शेडमध्ये, याचे भान नियम राबवणाऱ्यांना ठेवावे लागेल.

बोटांची किंमतही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टाने संपूर्ण अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटते असे धरले. तर्जनी गेल्यास १४ टक्क्यांनी. ज्याचा अंगठा गेला त्याला प्रेसवर पुन्हा कोणी उभे करीत नाही, ही शंभर टक्क्यांची गोष्ट परिशिष्टात बसत नाही.

अनेक कारखान्यांच्या प्रवेशद्वारावर आणखी एक फलक असतो : ‘अपघातविरहित दिवस’, आणि पुढे आकडा. हेतू चांगला असतो. परंतु आकडा वाढता ठेवण्याच्या नादात किरकोळ इजा पट्टी बांधून मिटवल्या जातात आणि त्या इजांत दडलेला इशारा वहीत येतच नाही. ढिल्या क्लचची प्रेस एकदा दोनदा खाली आली, हात थोडक्यात वाचला, तेव्हाच ती नोंद व्हायला हवी असते. धोका दिसताच मालकाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला जुन्या कायद्यातही होता, नव्या संहितेतही आहे. ठेक्यावरच्या त्या मुलाने तो हक्क आज शिफ्टमध्ये बजावला, तर उद्या सकाळी ठेकेदार त्याला गेटवरून आत घेईल का?