पेरलेले आणि उगवलेले



जैन घरात वाढलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरने बायबलवर का बोलावे, असे तुमच्या मनात आले असेल. पण बायबलची कथा आपल्या भाषेत येऊन चारशे वर्षे उलटली. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी ती कथा ओवीत सांगितली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला रोमी लिपीत छापले गेले. पोथी ऐकायची सवय असलेल्या कानांना ओवी काही परकी नव्हती.

बायबलच्या जुन्या करारात ‘नीतिसूत्रे’ नावाचा ग्रंथ आहे. त्याचे अध्याय 31, आणि त्यातला बराच भाग शलमोन राजाच्या नावावर आहे. त्यातले जग तुमच्या ओळखीचे वाटेल: खोटे वजन वापरणारा दुकानदार, शेजाऱ्याच्या शेताचा बांध सरकवणारा, आळशाचे काटे माजलेले शेत. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो, ही आपली म्हणही तिथे भेटते. पहिल्या स्तोत्रात सज्जनाला पाण्याकाठच्या झाडाची आणि दुर्जनाला वाऱ्यावर उडणाऱ्या भुशाची उपमा दिली आहे. खळ्यावर वारवणी पाहिलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

करावे तसे भरावे, एवढेच यातून घेतले तर मात्र घोटाळा होतो. दवाखान्यात मला औषधापेक्षा अवघड एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: ‘डॉक्टर, मी कुणाचे काय वाईट केले होते?’ आंधळे मूल जन्माला आलेल्या आईला हा प्रश्न आधी शेजारणी विचारतात, मग ती स्वतःला विचारू लागते. पेरले ते उगवते हे खरे. पण समोरच्याच्या अंगणात काटा दिसला म्हणून तो त्यानेच पेरला, असे ठरवायला आपण कोण?

बायबलने हा घोटाळा ओळखला होता. त्यातल्या ‘ईयोब’ या ग्रंथात एका निर्दोष माणसाची संपत्ती, मुले आणि आरोग्य जाते. सांत्वनाला आलेले मित्र त्यालाच पापी ठरवतात. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर.

आमचा कर्मसिद्धांत तर याहून कडक. दुःख हे कर्माचेच फळ, असे तो सांगतो. पण तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असेही म्हटले आहे की, स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख, शोक, संताप देणे हेच पुढच्या दुःखदायक कर्माचे कारण होते. म्हणजे रोग्याला त्याचे पूर्वकर्म ऐकवणारा स्वतःसाठीच नवे दुःख बांधतो.

आणि आपली पाळी? 2012 पर्यंत खाणींची लाल धूळ ट्रक असलेल्यांच्या छपरावर पडली, तशीच खाणीचा एक पैसाही न घेतलेल्या घरांवरही पडली. खाणी बंद झाल्या तेव्हा मालकापेक्षा मजुराची चूल आधी विझली. एकाच्या करणीचे फळ दहाजण भोगतात. म्हणून तर करणी जपून करायची.

तेव्हा ‘नीतिसूत्रे’ वाचा, पण आरशासारखी. तराजू उचलताना, बांध घालताना, सही करताना तो नियम स्वतःला लावा. आजाऱ्याच्या उशाशी बसाल तेव्हा मात्र नियम बाहेर ठेवा आणि आत पेज घेऊन जा.