नाव काठाला लागेपर्यंत

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



भेडाघाटची नाव या शहरातल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. पंचवटी घाटावरून ती सुटते, संगमरवरी कड्यांमधून पुढे जाते आणि वळून पुन्हा काठाकडे येते. काठ अगदी दोन हातांवर आला, तरी नावाडी “बैठे रहिए” म्हणतो आणि माणसे बसून राहतात. नावेत कोणी मोठा अधिकारी असेल, कोणी व्यापारी असेल, कोणी लग्नाच्या वऱ्हाडातला मानकरी असेल. नावाड्याच्या शब्दापुढे सगळे सारखे. दोरी बांधली जाते, वृद्धांना हात देऊन आधी उतरवले जाते, मग इतरांची पाळी येते. नर्मदेचे खोल पाणी समोर दिसत असते, म्हणून या नियमाचे कारण कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

हीच माणसे डुमना विमानतळावर उतरतात तेव्हा मात्र निराळे दृश्य दिसते. विमानाची चाके धावपट्टीला टेकतात न टेकतात, तोच पट्टे सुटल्याचे खटखट आवाज सुरू होतात. विमान अजून चालते आहे, पट्ट्याची खूण डोक्यावर पेटलेली आहे, ध्वनिक्षेपकावरून बसून राहण्याची विनंती होते आहे. आणि मधल्या वाटेत चार-सहा जण उभे राहून वरच्या कप्प्यातून बॅगा ओढत आहेत. हे फक्त जबलपूरलाच घडते असे नाही. मुंबई, पुणे, नागपूर, दुबई, कोठेही हेच चित्र दिसते. तुर्कस्तानच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने तर २०२५ साली अशा प्रवाशांना दंड करण्याचे पाऊल उचलले. नावेत निमूटपणे बसणारा माणूस विमानात का उठतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या सवयीत अधिक सापडते, आणि ती सवय रेल्वेने लावली आहे. १८७० साली मुंबईकडून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली लोहमार्गाची वाट याच जबलपुरात एकमेकींना जुळली. तेव्हापासून या शहराच्या कित्येक पिढ्या रेल्वेने घडवल्या. येथील मराठी कुटुंबांच्या आठवणींत तर नैनपूर, बालाघाटमार्गे गोंदियाला जाणाऱ्या छोट्या लाईनीला खास स्थान आहे. २०१५ साली जबलपूर–नैनपूर भागातील ती अरुंद गाडी बंद झाली. पण विदर्भातले आजोळ, दिवाळीची सुट्टी आणि मांडीवरचा फराळाचा डबा या साऱ्यांशी ती अजूनही जोडलेली आहे. आडगावच्या स्थानकावर गाडी दोन मिनिटे थांबणार, फलाट बुटका, सामान मोठे, मुले पेंगुळलेली. अशा वेळी स्थानक येण्याआधीच उठून, वळकटी आणि ट्रंक दाराशी नेऊन उभे राहणे हा शहाणपणाच होता. जो बसून राहिला, तो पुढच्या स्थानकावर उतरला. आगाऊ उठणारा माणूस त्या प्रवासात बेशिस्त नव्हता. तो कुटुंबाचा जबाबदार कर्ता होता.

विमानात उठणारा माणूस तोच शहाणपणा चुकीच्या ठिकाणी वापरत असतो. विमान दोन मिनिटांत पुढच्या गावाला निघून जात नाही. शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत ते जागचे हलत नाही. मोठे सामान सरकत्या पट्ट्यावर यायचे असते, आणि उठणाऱ्यालाही तेथे बसून राहिलेल्यांच्याच शेजारी उभे राहावे लागते. मिळत काहीच नाही. धोका मात्र खरा असतो.

तो धोका नीट समजून घेतला पाहिजे. धावपट्टी सोडल्यावर विमान आपल्या चाकांवर चालत उभे राहण्याच्या जागेपर्यंत जाते. वैमानिकांच्या भाषेत याला टॅक्सी करणे म्हणतात. आकाशातल्या वेगापुढे हा वेग नगण्य वाटतो, पण तो शहरातल्या धावत्या मोटारीइतका असू शकतो. समोर एखादे वाहन आले, दुसरे विमान वळले, एखादे जनावर आडवे गेले, तर वैमानिकाला करकचून ब्रेक लावावा लागतो. बसलेल्या माणसाला पट्टा धरून ठेवतो. उभ्या माणसाला धरायला काही नसते. तो पुढच्या आसनावर किंवा पुढच्या माणसावर आदळतो. उघड्या कप्प्यातली सात किलोची बॅग खाली येते ती उठलेल्याच्या डोक्यावर येईलच असे नाही. बहुधा ती खाली शांतपणे बसलेल्या एखाद्या आजींच्या किंवा लहान मुलाच्या डोक्यावर येते. नियम मोडणारा एक आणि इजा दुसऱ्याला, हा या प्रकारातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

जमिनीवर टेकलेले विमान म्हणजे संपलेला प्रवास नव्हे, हे जबलपूरला निराळे सांगण्याची गरज पडू नये. डुमना विमानतळाला लागून राखीव जंगल आहे. तेथे चितळ आहेत, रानडुकरे आहेत. ४ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी मुंबईहून आलेले विमान येथे उतरत असताना धावपट्टीवर रानडुकरांचा कळप आडवा आला. विमान त्यांना धडकले, धावपट्टीच्या बाहेर गेले आणि त्याचे मोठे नुकसान झाले. माणसे मात्र सुखरूप बाहेर आली. पुढे १२ मार्च २०२२ रोजी दिल्लीहून आलेले विमान याच धावपट्टीच्या पलीकडे मातीत गेले. तेव्हाही सर्व जण वाचले. दोन्ही वेळा विमान आकाशात नव्हते, जमिनीवर होते. दोन्ही प्रसंग टॅक्सीच्या आधीचे, उतरतानाच्या धावेतले आहेत हे खरे. पण त्यांचा धडा पुढच्या पाच मिनिटांनाही लागू पडतो. चाके जमिनीला लागल्यावरही काय आडवे येईल, हे प्रवाशाला खिडकीतून दिसत नाही. नावेत पाणी दिसते, म्हणून माणूस बसतो. विमानात धोका दिसत नाही, म्हणून उठतो. एवढाच काय तो फरक.

जगाच्या इतिहासातला सर्वांत भीषण विमान अपघातही जमिनीवरच घडला आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन प्रचंड विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यातील एक विमान उड्डाणासाठी धावत होते आणि दुसरे त्याच धावपट्टीवरून टॅक्सी करीत होते. याउलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरलेल्या प्रवासी विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशी धडक झाली. तटरक्षक दलाच्या विमानातील सहापैकी पाच जण दगावले. पण पेटलेल्या प्रवासी विमानातून सर्वच्या सर्व ३७९ माणसे जिवंत बाहेर आली. कर्मचारी सांगतील तेव्हाच उठायचे, सांगतील त्याच दाराकडे जायचे आणि सामानाला हात लावायचा नाही, ही शिस्त प्रवाशांनी पाळली. ज्या प्रवाशांना साध्या दिवशी खूण विझेपर्यंत बसण्याची सवय नाही, त्यांना आगीच्या क्षणी ती एकाएकी कोठून येणार?

येथे कायद्याची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विमानातील गुन्ह्यांविषयी १९६३ साली टोकियो येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला अनुसरून भारताने १९७५ साली कायदा केला. प्रवासी चढल्यावर विमानाची बाहेरची सर्व दारे बंद होतात त्या क्षणापासून उतरण्यासाठी एखादे दार उघडेपर्यंत विमान उड्डाणात आहे असे मानून वैमानिकाला शिस्त राखण्याचे अधिकार हा करार देतो. म्हणजे डुमनाच्या इमारतीसमोर हळूहळू वळणारे विमानही या अर्थाने अजून उड्डाणातच असते. वैमानिकाला कप्तान म्हणतात, तो शब्द विमानात जहाजावरून आला आहे. विमान हे नावेच्या घराण्यातले वाहन आहे, रेल्वेच्या नव्हे. आणि नावेत नावाड्याचा शब्द अखेरचा असतो.

हा शब्द प्रवाशांपर्यंत पोहोचवतात ते केबिन कर्मचारी. चहा आणि खाद्यपदार्थ देणारी मुले-मुली एवढीच त्यांची ओळख अनेकांच्या मनात असते. वास्तविक आग, धूर, अपघात आणि प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण घेतलेली ही माणसे सुरक्षेसाठी विमानात असतात. खाद्यपदार्थ देणे हे त्यांचे दुय्यम काम. विमान टॅक्सी करीत असताना तीही दाराजवळच्या आसनावर पट्टा बांधून बसलेली असतात. उठलेल्या प्रवाशाला खाली बसवायचे तर त्यांना ओरडावे लागते, नाहीतर स्वतःचा जीव धोक्यात घालून उठावे लागते. विमान थांबल्यावरही त्यांचे काम संपत नाही. मोठ्या जेट विमानांच्या दारांना आणीबाणीची घसरपट्टी जोडलेली असते. ती सज्ज स्थितीतून काढून, एकमेकांच्या दाराची खात्री करून मगच दार उघडायचे असते. त्या वेळी भोवती रेटारेटी असेल, तर साधी चूक महागात पडू शकते.

बेशिस्तीची शिडी याच पायरीपासून वर चढते. “बसा” या शब्दाला न जुमानणारा प्रत्येक जण पुढे हाणामारी करतो असे मुळीच नाही. परंतु हाणामारी करणाऱ्याची सुरुवात बहुधा असा एखादा लहान शब्द झुगारण्यापासून होते. मार्च २०१७ मध्ये महाराष्ट्रातील एका लोकसभा सदस्याने पुण्याहून दिल्लीला गेल्यावर विमान कंपनीच्या अधिकाऱ्याला चपलेने मारहाण केली. विमान कंपन्यांनी त्यांना प्रवास नाकारला. खेद व्यक्त झाल्यावर ती बंदी उठली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेशिस्त प्रवाशांविषयी देशात स्पष्ट नियम आले. शिवीगाळ आणि गोंधळ यांसाठी ३ महिन्यांपर्यंत, धक्काबुक्की आणि अंगलट यांसाठी ६ महिन्यांपर्यंत, आणि जीवावर बेतणाऱ्या वर्तनासाठी २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ विमानबंदी, अशा तीन पायऱ्या त्यात आहेत. निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती ३० दिवसांत निर्णय देते. पद, पैसा आणि ओळख यांचा त्यात विचार नाही. मराठी समाजाने या प्रकरणातून शिकण्यासारखे एवढेच, की लोकप्रतिनिधी असो वा सामान्य नागरिक, नावेत सर्वांचे आसन एकाच पातळीवर असते.

प्रवाशांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. विमान तासभर जागीच उभे राहते, कारण सांगितले जात नाही, मूल रडते, म्हातारे वडील अवघडतात, पुढचे विमान चुकण्याची धास्ती असते. हा त्रास खरा आहे आणि त्यावर चिडणेही स्वाभाविक आहे. खरोखर अडचण असेल, तर आसनावरची घंटी दाबून ती सांगता येते. पुढचे विमान गाठायचे असेल, तर उतरण्यापूर्वीच कर्मचाऱ्यांना कल्पना देता येते. तक्रार लेखी करता येते, आणि ती करावीच. पण ज्या मुलीच्या हातात विलंबाचे कारण नाही, तिच्यावर आवाज चढवून विमान लवकर सुटत नाही. ती मुलगीही अशाच एखाद्या गावातल्या अशाच एखाद्या शाळेतून आलेली असते. घरी तिचे आईवडील तिच्या फोनची वाट पाहत असतात.

पालकांसाठी यात एक वेगळी सूचना आहे. खिडकीजवळ बसलेले मूल बाहेरची धावपट्टी पाहते आणि आत आईवडिलांकडेही पाहते. विमान चालत असताना वडील उठून बॅग काढतात, तेव्हा ते मूल शिकते की खूण ही इतरांसाठी असते. वडील हात मांडीवर ठेवून बसून राहतात, तेव्हाही ते मूल काही शिकते. नागरिकशास्त्राचा हा तास कोणत्याही वेळापत्रकात नसतो.

शाळेत शेवटच्या तासाची घंटा होते तेव्हा दप्तरे आधीच भरलेली असतात, पाय बाकाखाली चुळबुळत असतात. तरीही गुरुजींचे वाक्य पुरे होईपर्यंत वर्ग बसून राहतो. अनेक दशके या शाळेने हजारो मुलांना त्या दोन मिनिटांचा संयम शिकवला. पुढे ती मुले डॉक्टर, अभियंते, सैनिक, गृहिणी आणि व्यापारी झाली, देशोदेशी विमानाने जाऊ लागली. त्या संयमाची खरी परीक्षा वर्गात झालीच नव्हती; ती डुमनाला उतरताना होते, जेव्हा गुरुजी समोर नसतात, शिक्षेचे भय नसते आणि शेजारचा माणूस आधीच उठलेला असतो. नाव काठाला लागते, दोरी बांधली जाते, नावाडी हात पुढे करतो. तोवर बसून राहावे. आणि उतरताना आधी शेजारच्या आजींची पिशवी खाली काढून द्यावी.