जनावर कोणाचे आणि न्यायालय कोणते?

(नसरापूर, ता. भोर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त भाग)



शेताच्या बांधाचा वाद वर्षानुवर्षे चालला तरी बांध जागच्या जागी असतो. गाय मात्र तारखेची वाट पाहत नाही. तिला रोज वैरण लागते. ती विते, आटते, आजारी पडते आणि प्रसंगी निकालापूर्वी मरतेही. म्हणून पाळीव जनावराच्या तंट्यात 'मालक कोण' या प्रश्नाइतकाच 'कोणाच्या दारी जावयाचे' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आज मी या दुसऱ्या प्रश्नाविषयीच बोलणार आहे.

अमेरिकेत राज्यांची न्यायालये निराळी आणि संघराज्याची निराळी. दोन राज्यांतील नागरिकांत कुत्र्याच्या मालकीवरून वाद झाला, तरी तेवढ्याने संघराज्याचे न्यायालय तो हाती घेत नाही. वाद संघराज्याच्या कायद्याचा असावा लागतो, किंवा पक्षकार भिन्न राज्यांचे असून वादाची किंमत ७५ हजार डॉलरहून अधिक असावी लागते. कुत्र्यावर माया कितीही असली, तरी त्याची किंमत तेथवर सहसा पोहोचत नाही. आपल्या संविधानाने असे दुहेरी घर बांधले नाही. केंद्राचा कायदा असो वा राज्याचा, तो तालुक्याचे न्यायालयच लावते. अनुच्छेद १३१ अन्वये सर्वोच्च न्यायालयाला मूळ अधिकार आहे तो केंद्र व राज्ये किंवा राज्याराज्यांतील वादांपुरता. दोन शेतकऱ्यांच्या वादाला तो लागू नाही. भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत या परिसरात संस्थानची हद्द ओलांडली की न्यायव्यवस्थाच बदलत असे. आज नीरा ओलांडली की जिल्हा बदलतो, व्यवस्था तीच राहते.

परंतु व्यवस्था एक असली तरी दार कोणतेही चालत नाही. समजा, नसरापूरच्या शेतकऱ्याने आपली गाय शिरवळच्या आप्ताकडे अर्धलीने दिली आणि तो आता ती आपलीच म्हणतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २० प्रमाणे दावा प्रतिवादी राहतो तेथे लावता येतो. तसेच दाव्याचे कारण पूर्णतः वा अंशतः जेथे घडले तेथेही लावता येतो. बोली नसरापुरात झाली असेल, तर भोरचे न्यायालय चालेल. अन्यथा खंडाळा तालुक्यावर अधिकार असलेल्या न्यायालयाकडे जाता येईल. कलम १५ सांगते की, दावा अधिकार असलेल्या सर्वांत खालच्या न्यायालयातच दाखल करावा. म्हणजे सामान्यतः दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. बैलगाडा शर्यतीच्या बैलाची किंमत काही लाखांत जाते, तेव्हा मात्र त्या न्यायालयाची रकमेची मर्यादा आधी पाहावी.

चुकीच्या दारी गेल्यास दावा बुडतोच असे नाही. दावापत्र योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत मिळते, आणि प्रामाणिकपणे व तत्परतेने दावा चालविला असेल, तर तेथे गेलेला काळ मुदत कायदा, १९६३ च्या कलम १४ अन्वये वगळला जातो. प्रतिवादीनेही स्थळाविषयीची हरकत पहिल्याच संधीला घ्यावी. कायदा हा काळ हिशेबातून वगळील. जनावराच्या आयुष्यातून तो कोण वगळणार?

दुसरे दार पोलीस ठाण्याचे. जनावर चोरीला गेले असेल तर तेथेच जावे. जप्त जनावर कोणाच्या ताब्यात द्यावे हे न्यायदंडाधिकारी ठरवितात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याची तरतूद आहे. तथापि हा ताबा तात्पुरता असतो, मालकीचा निवाडा नव्हे. दिवाणी स्वरूपाच्या वादाला चोरीचे रूप देऊन गाय लवकर मिळेल, ही समजूत गावाला दोन खटल्यांत अडकविते.

तिसरे दार आपले स्वतःचे. मोकाट जनावर कोंडवाड्यात घेऊन दंड व खुराकीचा खर्च भरणाऱ्यास ते सोडले, म्हणजे पंचायतीने मालकी ठरविली असे होत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील न्यायपंचायतीची तरतूद पुढे रद्द झाली. पंचायत समेट घडवू शकते, निकाल देऊ शकत नाही.

वन्यप्राण्याची गोष्ट निराळी. जोतिबा देवस्थानचा 'सुंदर' हत्ती २०१४ साली न्यायालयीन आदेशानंतर बन्नेरघट्टा येथे गेला. नांदणी मठाच्या 'महादेवी' हत्तिणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभर अधिकार मिळालेल्या उच्चाधिकार समितीपुढे गेला; मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०२५ रोजी तिला जामनगर येथे हलविण्याचा निर्णय कायम ठेवला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मठाची श्रद्धा आणि हजारो लोकांचे अश्रू खरे होते. पण न्यायालयापुढील मुख्य प्रश्न हत्तिणीच्या हिताचा होता. गाईबैलांच्या दाव्यात मात्र कायदा अजून जनावराला जंगम मालमत्ता मानतो. जनावर परत देण्याच्या हुकूमनाम्यात, ते न मिळाल्यास किती रक्कम द्यावी, हेही लिहावे लागते. गोठ्यात वाढलेल्या कालवडीचे मोल त्या रकमेत मावत नाही, हे आपण जाणता.

म्हणून उपाय तंट्याआधीच करावा. अर्धलीची बोली दोन ओळींत लिहून त्यावर साक्षी घ्याव्यात. कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, खरेदीची पावती व लसीकरणाची नोंद जपून ठेवावी. जनावर विकल्यावर नोंदीतील नाव बदलून घ्यावे. ज्याच्या ताब्यात वस्तू आहे तो मालक नाही, हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर असतो, हे विसरू नये. वाद उभा राहिलाच, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो, आणि त्यावर अपील नाही. दावा लावणे अटळ झाले, तर पहिल्याच दिवशी जनावराच्या जतनाचा अंतरिम आदेश मागावा.

शिक्षकांनी हे पालकसभेत सांगावे आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत. मालक कोण हे न्यायालय यथावकाश ठरवील. तोवर गव्हाणीत वैरण कोणी टाकावी, हे मात्र त्याच संध्याकाळी ठरले पाहिजे. आणि तेवढे घडवून आणणे आपल्या हाती आहे.