नवशिक्यास हात देताना
(मंडळाच्या नांदेड येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या या व्यासपीठावरून शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधूवर-सूची अशा विषयांवर आजवर पुष्कळ अधिकारी मंडळींनी विचार मांडले आहेत. मी गणिताचा एक निवृत्त शिक्षक. माझी सारी नोकरी लातूरकडच्या शाळांतून झाली. तथापि चिटणीसांचा आग्रह असा पडला की, घरोघरची मुले हल्ली संगणकाची भाषा शिकू लागली आहेत, ती अडतात आणि मध्येच सोडून देतात; त्यांना मदत कशी करावी यावर कोणीतरी बोलले पाहिजे. मी स्वतः ही विद्या उतारवयात, अडखळत शिकलो. अडखळण्याचा हा अनुभव हीच माझी येथे उभे राहण्याची पात्रता होय.

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आपण दिवाणजीस कामांची टिपणी लिहून देतो: अमुक वही काढा, तमुक रकान्याची बेरीज करा, बाकी वेगळी मांडा. संगणकास अशीच टिपणी लिहून देण्याच्या ज्या सुटसुटीत भाषा आहेत, त्यांना स्क्रिप्ट-भाषा म्हणतात. त्यांपैकी 'पायथन' ही आज नवशिक्यांमध्ये विशेष रूढ आहे. गुइडो व्हॅन रोसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या अखेरीस तिची रचना आरंभिली आणि १९९१ साली ती लोकांपुढे आली. नाव अजगराचे वाटले तरी ते एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतलेले आहे. तेव्हा भिण्याचे कारण नाही!

परंतु मुले भितात, ही वस्तुस्थिती आहे. आणि त्या भीतीचे मूळ बुद्धीत नसून भाषेत व लाजेत आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगावयास नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामी राजवटीत होतो. उच्च शिक्षण उर्दूतून होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास वर्गात विषय समजण्याआधी भाषेशीच झगडावे लागे. पुढे १९५० साली नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले, १९६१ साली लातुरात दयानंद महाविद्यालय निघाले, आणि १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ येथेच उभे राहिले. दारे उघडली. तरीही मराठी शाळेतून आलेला आपला नातू संगणकापुढे बसतो, पडद्यावर तांबड्या अक्षरांत इंग्रजी मजकूर उमटतो, आणि त्याला वाटते, ही विद्या आपल्यासाठी नव्हे. आजोबांनी वर्गात जे सोसले, ते नातू आज पडद्यापुढे सोसत आहे. फरक एवढाच की, आज त्याच्या शेजारी बसावयास आपण मोकळे आहोत.

आता शेजारी बसून करावे काय? येथेच बहुतेक सहृदय माणसे चुकतात, आणि त्या चुकीचा भोक्ता मी स्वतः आहे. ती हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या पुस्तक-साहाय्य निधीची यादी तयार करण्याचे काम मजकडे आले. अर्ज दोन जिल्ह्यांतून आलेले, काही मुलांनी दोनदा भरलेले. पुनरुक्त नावे गाळावयाची होती. मी नुकताच पायथन शिकू लागलो होतो, जमेना. पुण्यास नोकरीस असलेल्या भाच्यास दूरध्वनी केला. त्याने बिचाऱ्याने तत्परतेने दहा ओळींची आज्ञावली लिहून धाडली आणि म्हणाला, "मामा, एवढे चिकटवा, चालेल." मी चिकटवली, चालली. यादी सुरेख निघाली. मी ती अभिमानाने समितीपुढे ठेवली.

त्या आज्ञावलीने नाव आणि आडनाव सारखे दिसले की एक नोंद गाळावी, असा नियम धरला होता. आमच्या यादीत एकाच नावाच्या दोन मुली होत्या. एक मुखेड तालुक्यातील, दुसरी औसा तालुक्यातील. यंत्राने त्यांची एक केली. औशाच्या मुलीचे नाव गळाले. जून गेला, जुलै गेला; तिने जुनी पुस्तके मागून आणून अभ्यास केला. दिवाळीत तिचे वडील सहज भेटले, तेव्हा त्यांनी अतिशय संकोचाने विचारले, "गुरुजी, पोरीचं काही चुकलं होतं का अर्जात?" तिचे काही चुकले नव्हते. समितीने रक्कम दिली, मी क्षमा मागितली. परंतु त्या चार महिन्यांची भरपाई कोणी करावी?

मी भाच्यास दोष देत नाही. त्याने मागितले ते दिले. दोष असा की, त्याने मला विचारले नाही, "मामा, सारखे म्हणजे काय?" आणि मीही तो प्रश्न स्वतःस केला नाही. तो एक प्रश्न विचारला गेला असता, तर जन्मतारीख आणि गाव हेही जुळवून पाहावे, हे मला त्याच क्षणी सुचले असते. त्यासाठी संगणकाचे नव्हे, आपल्या माणसांचे ज्ञान लागते, आणि ते मजजवळ होते. तयार उत्तराने माझे काम केले. पण माझे ज्ञान कामास येऊ दिले नाही. आज तर प्रश्न टाकताच संपूर्ण आज्ञावली लिहून देणारी यंत्रेच हाती आली आहेत. भाचा निदान मामाच्या ओळखीचा होता. त्या यंत्रास औसा ठाऊक नाही आणि मुखेडही नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे: नवशिक्याच्या हातून कळफलक काढून घेऊ नका. त्याला प्रथम मराठीत बोलू द्या. काय करावयाचे आहे, यंत्रास काय दिले, काय निघावयास हवे होते, आणि प्रत्यक्षात काय निघाले? या चार प्रश्नांची उत्तरे देता देता निम्मी मुले स्वतःच "अरेच्चा!" म्हणतात. "हे तर अगदी सोपे आहे" हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळा. आपल्याला सोपे म्हणून सांगितलेले न जमणे यासारखी लाज दुसरी नाही, आणि लाजलेला विद्यार्थी पुन्हा विचारीत नाही.

दुसरे, तांबड्या मजकुराची ओळख करून द्या. तो रागावण्यासाठी नसतो. पायथनचा हा मजकूर खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो, तिच्या वर कितव्या ओळीत अडले तो आकडा असतो. इंग्रजीतले असे दहाबारा ठरावीक शब्द एका वहीत मराठी अर्थासह उतरवून घेतले की महिन्याभरात भीती ओसरते. उदाहरणार्थ, विद्यार्थी यंत्राकडून दोन आकडे विचारून घेतो, १२ आणि ७. बेरीज मागतो तर उत्तर येते १२७. यंत्र वेडे नाही. कळफलकावरून आलेली प्रत्येक गोष्ट ते अक्षरे म्हणून धरते, आणि अक्षरे एकापुढे एक मांडते. ती संख्या आहे असे त्याला स्पष्ट सांगावे लागते. तसे सांगितले की बेरीज १९ होते. आणि आनंदाची गोष्ट ही की, अंक देवनागरीत लिहिले तरी पायथन ते ओळखते.

परंतु सर्वांत घातक चूक ती, जिथे तांबडे अक्षर उमटतच नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने वडिलांच्या जमिनीचा हिशेब मांडला. एक तुकडा २ एकर ३० गुंठे, दुसरा १ एकर २५ गुंठे. त्याने २.३० आणि १.२५ असे लिहून बेरीज केली. यंत्राने निमूटपणे ३.५५ सांगितले. तो म्हणाला, ३ एकर ५५ गुंठे. या सभेतील कोणताही शेतकरी हसेल, कारण ४० गुंठ्यांचा एकर होतो, मग ५५ गुंठे उरतील कसे? मी त्याला उत्तर सांगितले नाही. म्हटले, "घरी जाऊन आजोबांना विचार, ते कसे करतात." दुसऱ्या दिवशी तो सांगत आला: सगळ्याचे गुंठे करावयाचे. ११० आणि ६५ मिळून १७५. त्याला ४० ने भागले की ४ एकर आणि बाकी १५ गुंठे. भागाकार आणि बाकी यांसाठी पायथनमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत, ती मी दाखविली. रीत आजोबांची होती. त्या दिवसापासून तो मुलगा आधी कागदावर दोन तुकड्यांचा हिशेब करतो, यंत्राचे उत्तर त्याशी ताडून पाहतो, आणि मगच मोठी यादी यंत्रास देतो. ही एक सवय लागली, तर शिक्षकाचे काम झाले असे मी समजतो.

उलट प्रकारही घडतो. मंडळाच्या सभासद-यादीत एका बऱ्हाणपुरे आडनावाच्या घरी निमंत्रणे दोन गेली. दोन्ही नोंदी डोळ्यांना हुबेहूब सारख्या. मग कळले की, आपला 'ऱ' संगणकात एकच अक्षर म्हणूनही साठविता येतो, आणि साधा 'र' व त्याखाली नुक्ता अशा जोडीनेही. पडद्यावर भेद दिसत नाही, यंत्रास मात्र ती दोन नावे वाटतात. तुलना करण्यापूर्वी सर्व नावे एकाच रूपात आणण्याची सोय पायथनमध्ये आहे. ती वापरताच काम झाले. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा अडचणी इंग्रजी पुस्तकांतून सहसा भेटत नाहीत. त्या आपल्या आहेत, आणि त्यांची उत्तरे आपणच आपल्या भाषेत एकमेकांस सांगितली पाहिजेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमात असे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात, त्याचा लाभ अवश्य घ्यावा. पण शेजारी बसलेल्या माणसाची जागा ध्वनिचित्रफीत घेऊ शकत नाही.

पालकांनाही एक विनंती. लातूरने परीक्षेच्या तयारीची जी शिस्त घालून दिली, ती 'लातूर पॅटर्न' म्हणून साऱ्या महाराष्ट्राने वाखाणली. तिथे चूक म्हणजे गुण जाणे. या विद्येत मात्र चुकणे हा रोजचा व्यवहार आहे. मुरलेला माणूसही दिवसातून वीस वेळा चुकतो आणि वीस वेळा दुरुस्त करतो. तेव्हा मुलगा तासभर एकाच ओळीशी झुंजताना दिसला, तर त्याचा वेळ वाया जातो आहे असे मानू नका.

शेवटी एक सूचना मंडळापुढे नम्रतेने ठेवतो. नांदेडात मंडळाचे सभागृह आहे, लातुरात शाखेची खोली आहे. दर रविवारी सकाळी दोन्ही ठिकाणी दोन तास ती उघडी ठेवावी. नांदेडच्या अभियांत्रिकी संस्थेत वा विद्यापीठात शिकणारी आपली मुले, पुण्या-मुंबईहून सुटीत आलेले नोकरदार, यांनी आळीपाळीने तेथे बसावे. एक वही ठेवावी. जी अडचण सुटली ती मराठीत चार ओळींत लिहावी, म्हणजे पुढच्यास उपयोगी पडेल. आणि त्या दारात येणाऱ्यास त्याची ज्ञात विचारू नये. मंडळ आपले आहे. पण अडलेला विद्यार्थी कोणाचाही असो, तो आपलाच होय. असे मानले तरच मंडळाच्या कार्यास अर्थ आहे.

औशाची ती मुलगी आज महाविद्यालयात आहे. गेल्या वर्षीची साहाय्य-यादी तयार झाल्यावर मी ती तिच्या हाती दिली आणि म्हटले, "तपासून दे." तिने सबंध दुपार घालविली, आणि दोन नोंदी माझ्यापुढे ठेवून विचारले, "गुरुजी, ही दोन माणसं एकच आहेत, हे कशावरून?"

एवढा प्रश्न विचारावयास ज्याने शिकविले, त्याने पुष्कळ शिकविले.