कार्यालयाचा संगणक आणि आपली काटकसर

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मला कार्यालयातील संगणकांवर बोलायला सांगितले आहे. मी बी. ए., बी. एड.; शाळेत इतिहास आणि मराठी शिकवतो. संगणकाचे शास्त्र मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. परंतु संस्थेने नेमलेल्या तीन जणांच्या संगणक समितीत मला घेतले आणि गेले वर्षभर कोटेशने वाचता वाचता, तारा ओढता ओढता, चुका करता करता जे समजले तेवढेच मी सांगणार आहे. पैसा तुमच्या वर्गणीचा आहे, तेव्हा हिशेबही तुमच्यासमोरच मांडला पाहिजे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. दीड वर्षांपूर्वी, जून महिन्यात, दहावी पास झालेली आपली एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. अकरावीच्या प्रवेशाची मुदत जवळ आली होती. त्याच सकाळी हेडक्लार्क साहेबांचा संगणक चालू होईना. आतली हार्ड डिस्क बंद पडली होती आणि चार वर्षांच्या नोंदी त्या एकाच डिस्कमध्ये होत्या. दुसरी प्रत कुठेही नव्हती. "उद्या या" म्हणून सांगावे लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी शिपाई चाचांनी कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले, त्यावरून हाताने दाखला लिहिला आणि तिसऱ्या दिवशी तो मुलीच्या हाती पडला. प्रवेश मिळाला, पण थोडक्यात. वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच. ते एक शब्दही रागाने बोलले नाहीत, आणि मला त्याचीच अधिक शरम वाटली.

त्या दिवशी ध्यानात आले की, संगणक जुना झाला एवढाच प्रश्न नाही. आपली माहिती कुठे राहते आणि तिला कोण सांभाळतो, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या कार्यालयात सात संगणक. बहुतेक दहा वर्षांचे, त्यातले दोन पूर्ण बंद. चालू होते त्या सर्वांवर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी या विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. संगणक त्या तारखेला बंद पडला नाही, पण चोरवाटा बुजवणाऱ्या दुरुस्त्या फुकट मिळणे थांबले. पैसे भरून मुदत वाढवून घेता येते, पण ती सोय तात्पुरती. विंडोज ११ घालावे, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आपली यंत्रे त्यात बसत नाहीत.

एका दुकानदाराने सांगितले, "सातही बदला." दुसऱ्याने सांगितले, "थिन क्लायंट घ्या, निम्म्यात काम होईल." या दुसऱ्या सल्ल्याने मी हुरळून गेलो होतो, हे कबूल करतो. थिन क्लायंट म्हणजे काय, ते आधी पाहू.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी रेल्वेच्या आरक्षणाच्या रांगेत उभे राहून तिकीट काढले असेल. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि मग इतर शहरांत आले. खिडकीतल्या बाबूसमोर पडदा आणि कळफलक असे, म्हणून आपण म्हणायचो, "बाबूकडे कॉम्प्युटर आला." वास्तविक संगणक तिथे नव्हताच. तो दुसऱ्या खोलीत होता. बाबूसमोर होते ते टर्मिनल, म्हणजे दबलेली कळ तारेने आत कळवणारे आणि आतून आलेले उत्तर पडद्यावर दाखवणारे यंत्र. सर्व खिडक्यांना आरक्षणाची नोंदवही एकच. म्हणूनच एक बर्थ दोघांना विकला जात नसे. आजचा थिन क्लायंट त्या टर्मिनलचाच नातू आहे. पुस्तकाएवढा डबा, आत हार्ड डिस्क नाही, पंखाही बहुधा नाही. काम करतो तो कपाटातला मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर. टेबलावर दिसते ते त्याचे चित्र.

याचे फायदे उघड आहेत. फाईल एकाच ठिकाणी राहते. दुरुस्ती किंवा नवा कार्यक्रम एकदाच घालावा लागतो. टेबलावरचा डबा बिघडला तर दुसरा लावून पाच मिनिटांत काम पुढे सुरू. डबा चोरीला गेला तरी त्यात मुलांचे आधार क्रमांक किंवा जातीचे दाखले नसतात. विजेचे म्हणाल तर साधा टेबलावरचा संगणक पडदा सोडून साधारण ६० ते १०० वॉट घेतो, असा डबा ५ ते १५ वॉट. ज्यांच्या गावात दुपारी वीज जाते त्यांना या आकड्यांचा अर्थ सांगायला नको.

मग सगळ्या जगाने हेच का केले नाही? मी इतिहासाचा शिक्षक, म्हणून मागे जाऊन पाहिले. १९९६ च्या सुमारास अमेरिकेतील ओरॅकल कंपनीने 'नेटवर्क कॉम्प्युटर' या नावाने अशाच स्वस्त यंत्राचा मोठा गाजावाजा केला. तो चालला नाही. साधे संगणकच इतके स्वस्त झाले की डब्याचा स्वस्तपणा उरला नाही. उलट त्याच देशात फ्लोरिडा राज्यातील लार्गो या शहराच्या नगरपालिकेने शेकडो कर्मचाऱ्यांचे काम वर्षानुवर्षे थिन क्लायंट आणि लिनक्स सर्व्हरवर चालवले. एकाने डब्याच्या किमतीवर भर दिला, दुसऱ्याने व्यवस्थेवर. यातून मी जो धडा घेतला तो हाच.

आता आमच्या कोटेशनकडे येतो. डबे स्वस्त होते, यात खोटे काही नाही. परंतु विंडोजच्या सर्व्हरवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे तर सर्व्हरचा परवाना वेगळा, त्याला जोडणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा आणि दुरून पडदा वापरण्याचा आणखी वेगळा घ्यावा लागतो. ऑफिसच्या कार्यक्रमांचाही परवाना त्या पद्धतीचा लागतो. ही बेरीज केली तेव्हा "निम्म्यात" हा शब्द विरघळून गेला. दुकानदाराला विचारले, तर तो हसून म्हणाला, "सर, साध्या विंडोजवरच एक छोटी फाईल टाकतो. सातही जण चालतील, कोण बघतंय?" साध्या विंडोजचा परवाना एका वेळी एकाच माणसाला काम करू देतो. ती "छोटी फाईल" म्हणजे परवान्याचा भंग. मुलांना वर्गात कॉपी करू नका म्हणून सांगायचे आणि कार्यालयात हे करायचे, हे आमच्या समितीला पटले नाही. शिवाय पुढचा विंडोज अपडेट आला की ती युक्ती बंद पडू शकते, आणि ती नेमकी प्रवेशाच्या दिवसांत बंद पडेल!

तेव्हा आम्ही तिसरी वाट धरली. लिनक्स ही मोफत आणि मुक्त आज्ञावली आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात जिम मॅक्विलन यांनी तिच्यावर 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट', थोडक्यात एलटीएसपी, सुरू केला. २०१९ मध्ये ग्रीसमधील अल्किस जॉर्गोपुलोस यांनी तो नव्याने लिहून काढला. तिकडच्या शाळांत तो वापरात आहे. यात जुनाच संगणक टर्मिनल होतो. त्याची डिस्क काढून टाकली तरी चालते. चालू होताच तो तारेवरून सर्व्हरकडे आपली आज्ञावली मागतो. यंत्रात थोडा दम असेल तर कार्यक्रम स्वतः चालवतो, नसेल तर नुसते चित्र दाखवतो. फाईल मात्र दोन्ही परीत सर्व्हरवरच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हे केले. जून आणि मार्च हे महिने मुद्दाम टाळले. सातपैकी पाच टेबलांवर टर्मिनल बसवली : तीन जुन्या संगणकांची आणि दोन नव्या डब्यांची. जुना संगणक टर्मिनल म्हणून वापरला तर विजेत फारशी बचत होत नाही, हेही सांगून ठेवतो. एकेक बंद पडेल तसतसा त्याच्या जागी डबा येईल. उरलेल्या दोन टेबलांवर विंडोज ११ चे नवे संगणक घेतले, कारण हिशेबाचे टॅली, डिजिटल सहीची चावी आणि एक जुना स्कॅनर लिनक्सवर नीट चालेना. हट्ट धरून कार्यालयाचे काम अडवण्यात शहाणपण नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र मराठीची निघाली! वीस वर्षांची पत्रे जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात. नव्या यंत्रावर उघडली की अक्षरांच्या जागी किडेमुंग्या. आमचे हेडक्लार्क साहेब तर म्हणाले, "सर, माझी पंचवीस वर्षांची सवय मोडून तुम्ही मला पहिलीत बसवलेत." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. महिनाभर नवे आणि जुने शेजारी शेजारी चालू ठेवले. लागतील तशी पत्रे युनिकोडमध्ये घेतली. आता ते स्वतः इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहितात आणि ते पत्र मोबाईलवरही जसेच्या तसे दिसते.

एक फजितीही ऐका. सर्व्हरला आम्ही यूपीएस लावला आणि वीज गेली तरी आता फिकीर नाही म्हणून मिरवत होतो. पहिल्याच दिवशी वीज गेली. सर्व्हर चालू, टर्मिनलांना इन्व्हर्टर होता म्हणून तीही चालू, पण पडदे जागच्या जागी गोठलेले. सगळ्या तारा ज्यात एकत्र येतात तो स्विच साध्या प्लगवर होता. नववीच्या एका विद्यार्थ्याने तो दाखवून दिला, आमच्यापैकी कुणी नाही.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. "सर्व्हर डाऊन आहे," हे वाक्य आपण बँकेत ऐकले आहे, रेशनच्या दुकानात ऐकले आहे, तहसील कचेरीत ऐकले आहे. हेच वाक्य आता आपल्या शाळेच्या खिडकीतून ऐकू येऊ शकते. पूर्वी एक संगणक बिघडला तर एक टेबल थांबे, आता सर्व्हर बिघडला तर पाच थांबतील. म्हणून सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत; एकीवर लिहिले जाते ते त्याच क्षणी दुसरीवरही. पण एवढ्याने भागत नाही. चुकून फाईल पुसली तर तीही दोन्हींवरून पुसली जाते. म्हणून दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर प्रत निघते आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत कुलपात राहते. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एक दाखला परत काढून पाहतो. जी प्रत उघडून पाहिली नाही ती आहे असे समजू नये.

आणि म्हणूनच माझी संस्थेला हात जोडून विनंती आहे. सात नवे संगणक न घेतल्यामुळे जी रक्कम वाचली ती सगळीच "बचत" म्हणून दुसऱ्या कामाला वळवू नका. तिच्यातून एक राखीव सर्व्हर घ्या आणि आपल्या एका कर्मचाऱ्याला रीतसर शिक्षण द्या. आज हे सर्व मी आणि एक माजी विद्यार्थी सांभाळतो. उद्या माझी बदली झाली, त्याला परगावी नोकरी लागली, तर? स्वस्त डबा आणून मोकळे होणे ही काटकसर नव्हे, तो कंजूषपणा. टेबलावर वाचवलेला पैसा कपाटातल्या यंत्रावर, त्याच्या प्रतीवर आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसावर लावला, तरच ती काटकसर होते.

संगणक खोलीसाठीही याच पद्धतीचा प्रस्ताव आहे; अर्थात तिचा सर्व्हर वेगळा, कार्यालयाशी संबंध नसलेला. त्यावर एका पालकांनी मला थेट विचारले, "सर, आमच्याच मुलांच्या नशिबी जुने सामान का?" प्रश्न मनाला लागणारा आहे आणि मी तो टाळणार नाही. आज त्या खोलीत दहापैकी तीन यंत्रे चालतात आणि एकामागे आठ-दहा मुले उभी राहतात. त्यातला एक कळफलकाला हात लावतो, बाकीची पाहतात. आणि मुली बहुधा मागेच राहतात. मला कमीपणा वाटतो तो या मागे उभे राहण्याचा, यंत्राच्या वयाचा नाही. दहाही टेबले चालू झाली तर तीन मुलांना एक पडदा मिळेल. आणि ज्या लिनक्सवर ती शिकतील ते काही गरिबांचे सामान नव्हे. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे २०१७ पासून लिनक्सवर चालत आली आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगेन की संगणक वापरायला शिका, पण त्याच्या मागची तार कुठे जाते हेही बघा. नववीतल्या त्या मुलाने तेच केले. आणि पालकांनो, पुढच्या जूनमध्ये दाखला घ्यायला या. तो तुम्हाला त्याच दिवशी मिळाला, तर आमचे गणित बरोबर आले असे समजा. नाही मिळाला, तर मला जरूर जाब विचारा.