जथा गेल्यानंतर गावात काय उरते?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



विज्ञान जनतेपर्यंत नेण्याचा विषय निघाला की प्रदर्शन, दुर्बीण आणि पाहुण्या शास्त्रज्ञाचे व्याख्यान ही चित्रे प्रथम डोळ्यांसमोर येतात. ही साधने त्याज्य नाहीत. परंतु ज्ञान वर आहे, अज्ञान खाली आहे आणि ते वरून खाली ओतावयाचे आहे, अशी कल्पना त्यांच्या मुळाशी असेल, तर एका चमत्काराच्या जागी दुसरा चमत्कार येतो, इतकेच. बुवाच्या हातातील विभूतीकडे माणूस ज्या डोळ्यांनी पाहतो, त्याच डोळ्यांनी तो प्रयोगातील ठिणगीकडे पाहतो. पाहणारा बदलत नाही.

ज्ञान मूठभरांच्या हाती राहिले की काय घडते, हे भोपाळने दाखविले. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. भिंतीपलीकडे काय साठविले आहे, ते सुटल्यास काय करावे, तोंडावर ओले फडके धरावे, एवढेही शेजारच्या वस्तीतील कष्टकऱ्यांना कोणी सांगितलेले नव्हते. विज्ञान कारखान्यात होते, झोपडीत नव्हते. १९८७ मध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांतून निघालेल्या भारत जनविज्ञान जथ्यांचा समारोप भोपाळला झाला, त्यात मोठा अर्थ होता.

या जथ्यामागे केरळचा अनुभव होता. मल्याळम भाषेत विज्ञान लिहिले जावे म्हणून १९६२ मध्ये केरळ शास्त्र साहित्य परिषद स्थापन झाली. पुढे तिचे कार्यकर्ते गाणी आणि पथनाट्ये घेऊन गावोगाव हिंडले. सायलेंट व्हॅलीच्या अरण्यात धरण बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा वीज किती मिळेल आणि गमवावे काय लागेल याचा हिशेब परिषदेने लोकांपुढे मांडला. धरण रद्द झाले आणि १९८४ मध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान ठरले. १९९० मध्ये एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर म्हणून घोषित झाला, त्या मोहिमेतही परिषदेचे कार्यकर्ते अग्रभागी होते. लोकांच्या प्रश्नाला भिडल्यामुळेच तेथे विज्ञान रुजले.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात महात्मा फुल्यांनी पावसाचे पाणी शेतात मुरविण्यासाठी ताली-बंधारे घालण्याचा आग्रह धरला होता. माती वाहून जाते ती दैवाने नव्हे, तर बांध नसल्यामुळे, हा कार्यकारणभाव त्यामागे होता. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, असे राज्यघटनेने १९७६ मध्ये नमूद केले. तरीही ते कर्तव्य आयुष्यभर बजावणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. प्रश्न विचारणे कोणाला तरी गैरसोयीचे असते, हे त्यावरून ओळखावे.

म्हणून कार्यक्रमाचे यश गर्दीने मोजू नये. जथा पुढच्या गावी गेल्यानंतर काय उरते, हे पाहावे. विहिरीचे पाणी दरमहा मोजणारी दोन मुले, पाण्याच्या तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीकडे मागणारी चार बायका, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरील सूचना मजुरांना वाचून दाखविणारा एक तरुण, एवढे उरले तरी पुष्कळ झाले. शास्त्रज्ञ एक दिवस येतो. कार्यकर्ता गावात राहतो. ज्या दिवशी मजूर मालकाला आणि नागरिक सरकारला ‘कशावरून?’ असे विचारील, त्या दिवशी विज्ञान गावात पोहोचले असे समजावे.