डोंगरावरचे म्हातारपण



म्हातारपणावर बोलायला उभ्या राहणाऱ्या माणसाची एक सोय असते. श्रोत्यांपैकी निम्मे त्या मुक्कामाला पोचलेले असतात आणि उरलेल्या निम्म्यांनी तिकीट काढलेले असते. म्हणून विषयाची ओळख करून देण्यात मी आपला वेळ घेत नाही. परंतु ज्या म्हातारपणाशी आपली ओळख आहे, ते आपल्या तालुक्यातील सर्वांच्या वाट्याला येत नाही. आजचे माझे सांगणे त्यासंबंधी आहे.

दोन माणसे डोळ्यांपुढे आणा. पहिले गृहस्थ पेणच्या बाजारपेठेजवळ राहतात. वय ७२, रक्तदाब वाढलेला. सकाळी फिरून येताना ते डॉक्टरांच्या पायऱ्या चढतात, दाब मोजून घेतात, कोपऱ्यावरच्या दुकानातून महिन्याच्या गोळ्या घेतात आणि वर्तमानपत्र वाचायला घरी येतात. दुसरी एक म्हातारी. पेणच्या नाहीतर रोह्याच्या डोंगरातील एखाद्या कातकरी वाडीवर राहणारी. आपले वय तिला ठाऊक नाही. आधार कार्डावर कोणी अंदाजाने लिहिले असेल ते तिचे वय. दाब तिचाही वाढलेला आहे, पण तो कधी कोणी मोजलेला नाही. हा रोग मोठा लबाड आहे; तो वर्षानुवर्षे दुखत नाही. मग एके दिवशी मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, अर्धे अंग लुळे पडते आणि म्हातारी पहिल्यांदा इस्पितळाच्या वाटेला लागते. तीही झोळीतून, चार माणसांच्या खांद्यावरून, डांबरी रस्ता लागेपर्यंत.

दोघांचा रोग एक, औषधही एक. त्या औषधाची रोजची गोळी एका कटिंग चहाहून महाग नाही. मग एकजण वर्तमानपत्र वाचतो आणि दुसरी झोळीत पडते, हे का?

हा प्रश्न आपल्याच मुलखाचा आहे असे नाही. वेल्समधील कोळशाच्या खाणींच्या एका खेड्यात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट काम करीत. चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या उलट प्रमाणात वाटली जाते, असा नियम त्यांनी १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात मांडला. आजारी माणसे जिथे अधिक, तिथे डॉक्टर कमी. आणि सेवा जितकी बाजाराच्या हवाली करावी तितका हा उलटेपणा वाढतो. सरकारी सेवा सर्वांना मोफत असलेल्या ब्रिटनमध्ये जर ही स्थिती, तर आपली काय असेल? २०५० साली जगातील दर ५ वृद्धांपैकी ४ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा हा येत्या काळात जगाचाच प्रश्न होणार आहे.

आपल्याकडे भोर समितीने १९४६ सालीच सांगून ठेवले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये आणि सेवा लोकांच्या शक्य तितकी जवळ असावी. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली. डोंगरी व आदिवासी भागात २०,००० वस्तीला एक केंद्र आणि ३,००० वस्तीला एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे. हे प्रमाण माणसे मोजून ठरवले आहे, वाट मोजून नव्हे. तीन हजार माणसे आपल्या गावात चार आळ्यांत राहतात. डोंगरात तेवढी माणसे भरायची तर किती टेकड्या चढाव्या लागतील?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील माणसांना एस. टी. चा प्रवास मोफत झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, उत्पन्न न विचारता, ७० वर्षांवरील सर्वांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देणारी केंद्राची योजना आली. आता त्या म्हातारीच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. एस. टी. मोफत आहे, पण ती वाडीवर येत नाही. पाच लाख आहेत, पण ते खाटेवर पडल्यावर. रोजच्या गोळीसाठी नाहीत. गोळीही मोफत आहे, पण ती आणायला सोबतीला माणूस लागतो आणि त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. बरे, महिन्याने गोळ्या संपतात आणि पुन्हा तीच पायपीट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू आजच्यासाठीच करून ठेवली.

जवळच्या दवाखान्यातील साधी गोळी काय करू शकते, याचा दाखला शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० नंतरच्या दशकात नोकरीला आले. कोकणात तेव्हा विंचवाच्या दंशाने माणसे पटापट दगावत. या डॉक्टरांनी रोग्यांच्या उशाशी बसून निरीक्षण केले आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध देऊन ते मृत्यू फार मोठ्या प्रमाणात रोखले. त्यांचे लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. शोध जगाच्या उपयोगी पडला तो नंतर. प्रथम तो उपयोगी पडला, कारण डॉक्टर आणि गोळी दोन्ही रोग्याजवळ होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. २०१७-१८ साली देशात ४५ वर्षांवरील सुमारे ७२,००० लोकांची पाहणी झाली. रक्तदाब आहे असे डॉक्टरांनी सांगितलेली माणसे शहरांत अधिक निघाली, खेड्यांत कमी; सुखवस्तू घरांत अधिक, गरिबांत कमी. उतावळा वाचक म्हणेल, कष्टकऱ्याला हा रोग होत नाही! खरी गोष्ट अशी की, ज्याचा दाब मोजला नाही तो कागदावर निरोगीच राहतो. अशाने गरिबाचा रोग आकड्यांतूनही नाहीसा होतो आणि त्याच्यासाठी औषध मागवण्याचे कारणच उरत नाही.

कोणी म्हणतील, आईबापांना सांभाळणे हे मुलांचे काम आहे. तसा २००७ सालचा कायदाही आहे. पण कातकऱ्यांची कुटुंबेच्या कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. वाडीत मागे राहतात त्यांत म्हातारी माणसे असतात. मुलगा कर्तव्य विसरला म्हणून गेलेला नाही. पोटामागे गेलेला आहे. त्याच्यावर कोणता कायदा लावणार?

मग उपाय काय? माणसाने गोळीकडे जाण्याऐवजी गोळीने माणसाकडे गेले पाहिजे. हे स्वप्नरंजन नव्हे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले आणि खेड्यातील अल्पशिक्षित, निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण देऊन गावोगाव उभे केले. २०१७ साली महाराष्ट्रासह ५ राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, त्याचेही सूत्र हेच: मोजकी ठरलेली औषधे, घराजवळच्या केंद्रात महिन्याच्या गोळ्या आणि जो आला नाही त्याची चौकशी.

यात आपण काय करायचे? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्याकडे जाऊन दर महिन्याला दोनच प्रश्न विचारावेत. आमच्या वाड्यांवर साठीच्या पुढची माणसे किती, आणि त्यांपैकी किती जणांचा दाब या महिन्यात मोजला? पहिल्या महिन्यात उत्तर मिळणार नाही. तिसऱ्या महिन्यात वही उघडली जाईल. दाब मोजण्याचे यंत्र वापरायला डॉक्टर असावे लागत नाही. या सभागृहातील कितीतरी निवृत्त शिक्षकांना ते एका दुपारी शिकता येईल. वाडीवरची आशा कार्यकर्ती एकटी चढते, तिच्यासोबत महिन्यातून एकदा आपल्यापैकी दोघे चढले तर तिचे ओझे हलके होईल. पाय दुखतील, हे मी कबूल करतो. पण ते दुखले म्हणजे ही वाट म्हाताऱ्या माणसाला कशी वाटत असेल, हे मला व्याख्यान देऊन सांगावे लागणार नाही.